अठराव्या वर्षीं त्र्याहत्तर सामने
(नभोवाणीवरील भाषण)

फुटबॉलच्या खेळाची गोडी आपल्यापैकीं ज्यांना आहे, त्यांना आज मी ज्या तरुणाची हकीकत सांगणार आहें त्याचें नांव नवें वाटणार नाहीं. ज्यांना ती गोडी नाहीं त्यांनींहि हें भाषण अर्ध्यावर टाकून उठूं नये अशी विनंति आहे. कारण ही हकीकत जितकी चेंडूची आहे तितकीच वयाचीहि आहे. कोवळ्या वयांत अंगीं आलेलें कौशल्य जगाच्या नजरेस पडलें, कीं त्याला मागणी येते; आणि मागणी आली, कीं ती पुरविणाऱ्या शरीराचा विचार मागें पडतो. गायनांत, अभ्यासांत, खेळांत, सर्वत्र हें घडत असतें. धंदेवाईक फुटबॉलमध्यें प्रत्येक सामन्याची व प्रत्येक मिनिटाची नोंद राहत असल्यामुळें तें आंकड्यांनिशीं दिसतें, इतकेंच.

७ ऑगस्ट २०२१ चा दिवस. जपानांतील योकोहामा शहरीं ऑलिंपिक फुटबॉलचा अंतिम सामना चालला होता. एका बाजूस ब्राझील, दुसऱ्या बाजूस स्पेन. नव्वद मिनिटांत बरोबरी झाली, म्हणून जादा वेळ देण्यांत आला, आणि त्या वेळांत आणखी एक गोल करून ब्राझीलनें २-१ असा विजय मिळविला. हरलेल्या संघांत पेद्री या नांवानें ओळखला जाणारा अठरा वर्षांचा एक सडपातळ मुलगा होता. त्याच्या गळ्यांत रौप्यपदक पडलें. सप्टेंबर २०२० मध्यें सुरू झालेल्या त्याच्या हंगामांतील हा त्र्याहत्तरावा सामना होता. सुमारें अकरा महिन्यांत ७३ सामने, म्हणजे सरासरीनें दर साडेचार-पांच दिवसांस एक. आणि यानंतर विश्रांति मिळाली म्हणावें, तर तेंहि नाहीं. आठच दिवसांनीं, १५ ऑगस्टला, हा मुलगा बार्सेलोना येथें नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याकरितां पुन्हां मैदानावर उभा होता. महिना उलटतो न उलटतो तोंच त्याच्या मांडीचा स्नायु दुखावला, आणि पुढचीं कित्येक वर्षें तें दुखणें फिरून फिरून त्याच्या वाटेंत येत राहिलें.

त्याला ‘आतां पुरे’ असें म्हणण्याचें काम कोणाचें होतें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं प्रथम त्याचें काम काय, हें समजून घेऊं.

फुटबॉलच्या संघांत अकरा खेळाडू असतात. एक गोल राखतो. त्याच्यापुढें बचावाची फळी असते. अगदीं पुढें चढाईची फळी असते. या दोहोंच्या मध्यें जे असतात ते मधल्या फळीचे खेळाडू. पूर्वीं आपल्याकडील मैदानांवर त्यांना हाफ-बॅक, इनसाइड-फॉरवर्ड अशीं इंग्रजी नांवें होतीं; आतां खेळाची मांडणी बदलली आहे, तरी काम तेंच आहे. गोल करणाऱ्याचें नांव वर्तमानपत्रांत येतें, गोल वांचविणाऱ्याचेंहि येतें. पण चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे योग्य वेळीं पोंचविणाऱ्याकडे सामान्य प्रेक्षकाचें लक्ष जात नाहीं. आपल्या लग्नघरांत कोठीवर बसलेला माणूस जसा असतो, तसाच हा समजा. मांडवांत त्याचा मान कोणी करीत नाहीं. परंतु आचारी, वाढपी, आल्यागेल्याचें पाहणारे, साऱ्यांच्या वाटा त्याच्या दारावरून जातात. कोणाला काय लागणार हें मागण्यापूर्वीं त्यानें ओळखलें तर पंगत सुरळीत उठते. तो गोंधळला तर सारें कार्य गोंधळतें.

या जागेवर खेळणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. पहिली दृष्टि. चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच मान वळवून डावीकडे, उजवीकडे, पाठीमागें कोण आहे हें त्यानें टिपलेलें असलें पाहिजे; चेंडू आल्यावर विचार करूं लागला तर उशीर झालाच. दुसरी गोष्ट दम. एका सामन्यांत मधल्या फळीचा खेळाडू साधारणपणें दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. संघांत सर्वांत अधिक धांव बहुधा त्याचीच असते. हें अंतर एका संथ लयींत तोडलेलें नसतें. चालणें, हळू धांवणें, एकदम वेग घेणें, जागच्या जागीं थांबणें, वळणें, असे एक हजाराहून अधिक बदल नव्वद मिनिटांत होतात. म्हणजे दर पांच-सहा सेकंदांस एक. वेगापेक्षां हे थांबणें आणि वळणेंच पायांच्या स्नायूंना महाग पडतें.

आतां मुलाची हकीकत. त्याचें पूर्ण नांव पेद्रो गोन्सालेस लोपेस. जन्म २५ नोव्हेंबर २००२ चा. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरांत कॅनरी नांवाचीं स्पेनचीं बेटें आहेत. त्यांतील तेनेरीफ हें सर्वांत मोठें. त्याच्या मध्यभागीं तेइदे नांवाचा ३,७०० मीटरांहून उंच असा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. या बेटाच्या उत्तर भागांत तेगेस्ते नांवाच्या लहान गांवीं पेद्री वाढला. घरचा धंदा लहानशा खानावळीचा. स्पेनची मुख्य भूमि येथून हजार किलोमीटरांहून दूर. तरी त्याच्या आजोबांनीं या गांवांत बार्सेलोना संघाच्या चाहत्यांचें मंडळ स्थापन केलें होतें. अशा घरांत मुलानें कोणत्या रंगाचा सदरा मागावा हें सांगावयास नकोच. बार्सेलोनाचा आन्द्रेस इनिएस्ता हा मधल्या फळींतील श्रेष्ठ खेळाडू त्याचा आदर्श झाला.

किशोरवयांत रेआल माद्रिद या बलाढ्य क्लबाकडे तो चांचणीसाठीं गेला होता, परंतु तेथें त्याला घेतलें नाहीं. मग २०१८ मध्यें शेजारच्या ग्रान कॅनेरिया बेटावरील लास पाल्मास या क्लबानें त्याला आपल्याकडे घेतलें. ऑगस्ट २०१९ मध्यें, सोळाव्या वर्षीं, तो स्पेनच्या दुसऱ्या श्रेणींतील लीगमध्यें प्रथम खेळला. सप्टेंबरांत पहिला गोल केला. त्याच महिन्यांत बार्सेलोनानें पन्नास लाख युरो मूळ किंमत ठरवून त्याला पुढच्या वर्षापासून विकत घेतलें. तो हंगाम त्यानें लास पाल्माससाठींच काढला, आणि लीगचे ३६ सामने खेळून चार गोल केले. येथपर्यंतची चाल ठीकच होती. होतकरू मुलानें लहान मैदानावर एक वर्ष उमेदवारी करून मग मोठ्या मैदानावर यावें, यांत गैर कांहीं नाहीं.

तो बार्सेलोनास आला तेव्हां त्या घराची स्थिति मात्र विलक्षण होती. १४ ऑगस्ट २०२० रोजीं यूरोपीय चषकाच्या उपान्त्यपूर्व फेरींत बायर्न म्यूनिकनें त्या संघाचा ८-२ असा दारुण पराभव केला होता. जुने खेळाडू थकलेले, तिजोरी कर्जानें वांकलेली, आणि जगभर साथ पसरलेली. साथीमुळें मागचा हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला होता. त्यामुळें पुढचा हंगाम उशिरां सुरू होऊन थोडक्या दिवसांत कोंबावा लागला. आठवड्यांत एक सामना हें सुख राहिलें नाहीं. बुधवारीं एक व रविवारीं एक असा रतीब सुरू झाला. प्रेक्षागृहें मात्र रिकामीं.

नवे प्रशिक्षक रोनाल्ड कूमान यांनीं या मुलाला प्रथम थोडा थोडा वेळ खेळविलें. परंतु दोन महिन्यांच्या आंतच तो संघाचा नित्याचा खेळाडू झाला. एका सामन्यानंतर सामान साध्या पिशवींत घेऊन टॅक्सीनें घरीं जाणारा पेद्री छायाचित्रांत दिसला, आणि लोकांना त्याच्या साधेपणाचें कौतुक वाटलें. मोटार चालविण्याचें त्याचें वयच अजून झालें नव्हतें; पण वयाचा विचार फक्त टॅक्सीपुरताच झाला. त्या हंगामांत बार्सेलोनासाठीं तो ५२ सामने खेळला. लीगच्या ३८ सामन्यांपैकीं त्याचा एकच चुकला. एप्रिल २०२१ मध्यें स्पेनचा राजचषक संघानें जिंकला. त्या विजयांत त्याचा वाटा होता.

त्याच वसंतांत स्पेनच्या राष्ट्रीय संघाचें बोलावणें आलें. जून २०२१ मध्यें यूरोपीय राष्ट्रांची स्पर्धा सुरू झाली, ती साथीमुळें एक वर्ष लांबलेली होती. प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनीं पेद्रीला पहिल्या सामन्यापासून उभा केला. क्रोएशियाशीं झालेल्या सामन्यांत एक विचित्र प्रकार घडला. त्यानें सुमारें पंचेचाळीस मीटर अंतरावरून आपल्याच गोलकीपरकडे साधा चेंडू परत दिला. गोलकीपरचा पाय चुकला आणि चेंडू सरळ स्वतःच्याच गोलांत गेला. नोंद झाली ती पेद्रीच्या नांवावर. अठरा वर्षांच्या मुलाचें मन अशा वेळीं खचावें. परंतु त्यानें पुढचा चेंडू मागून घेतला आणि खेळ चालूं ठेवला. स्पेननें तो सामना ५-३ असा जिंकला. उपान्त्य फेरींत इटलीविरुद्ध १२० मिनिटें चाललेल्या सामन्यांत त्यानें दिलेल्या ६६ पासांपैकीं ६५ अचूक आपल्या साथीदारांस पोंचले. स्पेन पेनल्टींवर हरला. पण स्पर्धेंतील उत्कृष्ट तरुण खेळाडूचा मान पेद्रीला मिळाला.

याच स्पर्धेंतील एक आंकडा पाहा. स्पेनचे सहा सामने झाले. त्यांपैकीं तीन जादा वेळापर्यंत गेले. एकंदर मिनिटें ६३०. पेद्री त्यांतील ६२९ मिनिटें मैदानावर होता. एवढ्या स्पर्धेंत त्याला मिळालेली विश्रांति काय ती एका मिनिटाची!

ही उपान्त्य फेरी ६ जुलैला लंडनांत झाली. २२ जुलैला तो जपानांतील साप्पोरो येथें ऑलिंपिकचा पहिला सामना खेळत होता. मध्यें सोळा दिवस. त्यांत जगाच्या दुसऱ्या टोंकाचा प्रवास आणि घड्याळांत सात तासांचा फरक. तेथें सहा सामने झाले, त्यांपैकीं शेवटचे तीनहि जादा वेळापर्यंत गेले, आणि या सहाहि सामन्यांत तो मैदानावर उतरला. बार्सेलोनाच्या प्रशिक्षकांनीं याविषयीं उघडपणें नापसंती दर्शविली. पण त्यांचा इलाज नव्हता. ऑलिंपिकसाठीं खेळाडू सोडलाच पाहिजे असें आंतरराष्ट्रीय फुटबॉलसंघाचें बंधन क्लबांवर नाहीं. स्पेनच्या कायद्याप्रमाणें मात्र राष्ट्रीय संघानें बोलाविलेल्या खेळाडूस क्लबाला अडवितां येत नाहीं.

येथें सारें मर्म आहे. क्लबाला लीग हवी होती, चषक हवा होता; पगार तोच देत असे, त्यामुळें त्याची मागणी रास्त होती. राष्ट्रीय संघाला यूरोपचें अजिंक्यपद हवें होतें; देशाचा हक्क कोण नाकारील? ऑलिंपिक संघाला पदक हवें होतें. तशी संधि चार वर्षांतून एकदांच येते. प्रत्येकानें आपापला वाटा मागितला आणि प्रत्येकाचा वाटा रास्त होता. वाट्यांची बेरीज करण्याचें काम मात्र कोणाचेंच नव्हतें. तीन शेतांवर जुंपलेल्या एका बैलाची ही गोष्ट आहे. प्रत्येक शेतकरी म्हणतो, मी तर त्याला दोनच प्रहर राबविलें.

आणि तो मुलगा स्वतः? त्याला कोणीं बळेंच धांवविलें नाहीं. तो आनंदानें खेळला. अठराव्या वर्षीं ज्याला देशाचा सदरा मिळतो तो ‘मी दमलों’ असें म्हणणार नाहीं. जो म्हणेल त्याच्या अंगीं ती आंचच नव्हती असें समजावें. म्हणून त्या वयाच्या मुलाची संमति घेऊन आपली जबाबदारी संपली असें वडीलधाऱ्यांस म्हणतां येत नाहीं.

आतां शरीराची बाजू. मनुष्य वेगानें धांवतो तेव्हां प्रत्येक पावलाला गुडघ्याखालचा पाय पुढें झोकला जातो. त्याला वेळेवर आवरण्याचें काम मांडीच्या मागल्या स्नायूंकडे असतें. म्हणजे ते स्नायु त्या क्षणीं ताणलेहि जात असतात आणि उलट जोरहि लावीत असतात. चेंडूस जोरानें मारतांना असाच ताण मांडीच्या पुढल्या स्नायूंवर पडतो. ताजा स्नायु हें काम हजार वेळां करील. थकलेल्या स्नायूचा जोर किंचित् उशिरां लागतो, आणि त्या किंचित् उशिरांतच त्याचे तंतु तुटतात.

सामना संपला म्हणजे थकवा संपला असें नाहीं. स्नायूंत सांठविलेली शर्करा जळून गेलेली असते. ती पुन्हां भरण्यास योग्य आहार मिळूनहि दोन-तीन दिवस लागतात. तंतूंना सूक्ष्म इजा झालेल्या असतात. त्या बुजून पायाचा पहिला जोर परत येण्यास बहात्तर तासांपर्यंत वेळ लागतो, असें या विषयाच्या शास्त्रज्ञांनीं मोजून पाहिलें आहे. बुधवारच्या रात्रीं खेळून शनिवारीं उतरणारा खेळाडू अगदीं या मर्यादेच्या कांठावर उभा असतो. प्रौढ खेळाडूची ही कथा, तर अठरा वर्षांच्याची काय? या वयांत उंची पूर्ण झालेली दिसते. परंतु हाडें पक्व होण्याचें काम विशीच्या आसपासपर्यंत चालूं असतें, आणि स्नायूंचें बळ त्यानंतरहि वाढत राहतें. घर उभें दिसतें, पण गिलावा अजून ओला असतो.

एकदां तुटलेला स्नायु जुळतो, पण जुळलेल्या जागीं व्रणाचा कठीण भाग राहतो आणि तो पूर्वीसारखा लवत नाहीं. म्हणून स्नायूच्या पुढल्या दुखापतीची सर्वांत पक्की पूर्वसूचना कोणती, तर पूर्वीं होऊन गेलेली दुखापत. पेद्रीच्या बाबतींत हें अक्षरशः खरें ठरलें. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं बायर्न म्यूनिकशीं खेळतांना त्याची मांडी दुखावली. महिनाअखेरीस तो लिस्बन येथील सामन्यांत पुन्हां उतरला, आणि दुखणें उलटलें; नंतर जानेवारीपर्यंत त्याला बाहेर बसावें लागलें. दैवाचा खेळ असा, कीं याच काळांत त्याच्यावर मानसन्मानांचा वर्षाव झाला. ऑक्टोबरांत बार्सेलोनाशीं नवा करार झाला. मुदतीच्या आंत त्याला दुसऱ्या क्लबानें न्यावयाचें तर शंभर कोटी युरो मोजावे, अशी अट त्यांत होती. पन्नास लाखांचा मुलगा दोन वर्षांत कागदावर शंभर कोटींचा झाला! नोव्हेंबरांत यूरोपांतील उत्कृष्ट तरुण खेळाडूचा ‘गोल्डन बॉय’ हा किताब आणि त्यापाठोपाठ ‘कोपा’ पारितोषिक, हे दोन्ही मान त्याला मिळाले. ते घेण्यास जो मुलगा गेला त्याला त्या वेळीं खेळतां येत नव्हतें.

परतल्यावर त्याचा खेळ पुन्हां खुलला. ३ एप्रिल २०२२ रोजीं सेव्हिलाविरुद्ध दोन प्रतिपक्ष्यांना हुलकावणी देऊन दुरून मारलेला त्याचा गोल अनेकांच्या स्मरणांत असेल. त्या एका गोलावर सामना जिंकला गेला. अकरा दिवसांनीं फ्रांकफुर्टच्या संघाशीं खेळतांना मांडीचा मागला स्नायु गेला आणि हंगाम संपला. आदल्या वर्षीं क्लबासाठीं ५२ सामने, यंदा २२. फेब्रुवारी २०२३ मध्यें पुन्हां मांडी; ऑगस्ट २०२३ मध्यें पुन्हां; मार्च २०२४ मध्यें बिल्बाओ येथें पुन्हां. त्या दिवशीं तो रडत रडत मैदानाबाहेर गेला. जुलै २०२४ मध्यें यूरोपीय स्पर्धेंत जर्मनीविरुद्ध पहिल्या कांहीं मिनिटांतच धडक बसून गुडघा दुखावला. ही शेवटची इजा मात्र दमणुकीची नव्हे, अपघाताची. स्पेननें ती स्पर्धा जिंकली. अंतिम सामना पेद्रीनें बांकावर बसून पाहिला.

एवढ्यावरून ७३ सामन्यांनींच हें सारें घडविलें, असा निकाल देणें बरोबर होणार नाहीं. स्नायूच्या दुखापतीला शरीराची घडण, व्यायामाची पद्धत, झोंप, आहार, घाईचें पुनरागमन अशीं अनेक कारणें असतात, आणि तितकेच सामने खेळून धडधाकट राहिलेले खेळाडूहि आहेत. पण वैद्यकांत संभवावरच चालावें लागतें. ओझें वाढविलें आणि विश्रांति काढून घेतली, तर मोडण्याचा संभव वाढतो. कोण मोडेल हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणूनच नियम सर्वांसाठीं असावा लागतो.

हा प्रश्न एकट्या पेद्रीचा नाहीं. व्यावसायिक फुटबॉलपटूंची ‘फिफप्रो’ ही जागतिक संघटना आहे. तिनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांवरून दोन पिढ्यांची तुलना करतां येते. इंग्लंडचा डेव्हिड बेकहम एकविसावें वर्ष पूर्ण होईपर्यंत वरिष्ठ सामन्यांत चार हजारांहून कमी मिनिटें खेळला होता. त्याच देशाचा व मधल्याच फळीचा ज्यूड बेलिंगहॅम त्याच वयापर्यंत अठरा हजारांहून अधिक. एका पिढींत चौपटीपेक्षां अधिक वाढ! पूर्वीं मुलगा दुसऱ्या संघांत वाट पाहत असे. ती वाट पाहणें ही त्याला शिक्षा वाटे, पण तिच्यांतच त्याच्या शरीराची सोय होती.

यावर उपाय नाहींतच असें नाहीं. साथीच्या काळांत, २०२० मध्यें, एका सामन्यांत तीनऐवजीं पांच खेळाडू बदलण्याची तात्पुरती मुभा देण्यांत आली. २०२२ मध्यें ती नियमांत कायम झाली. हंगाम संपल्यावर प्रत्येक खेळाडूस किमान चार आठवड्यांची सलग सुट्टी असावी अशी फिफप्रोची मागणी आहे. बेरीज करणारा कोणी असावा, याच जाणिवेंतून ही मागणी निघाली आहे.

स्वतः पेद्रीची हकीकत येथें निराशेंत संपत नाहीं. २०२४ च्या उन्हाळ्यांत हान्सी फ्लिक हे जर्मन प्रशिक्षक बार्सेलोनास आले. त्यांच्या व्यायामशिक्षकांनीं खेळाडूंच्या स्नायूंच्या बळकटीवर विशेष भर दिला. पेद्री आतां बावीस वर्षांचा झाला होता. अंग भरलें होतें. त्या हंगामांत तो जवळजवळ प्रत्येक सामना खेळला, आणि संघानें लीग, राजचषक व स्पॅनिश महाचषक हे तिन्ही जिंकले. जानेवारी २०२५ मध्यें त्याचा करार २०३० पर्यंत वाढविण्यांत आला. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत मांडीच्या मागल्या स्नायूनें पुन्हां एकदां आपली आठवण करून दिली, हेंहि सांगितलें पाहिजे. जुनें येणें असें मधून मधून दारांत येऊन उभें राहतें.

श्रोतेहो, आपल्या घरांतून यूरोपच्या मैदानावर जाणारीं मुलें थोडीं असतील. परंतु शाळेच्या, जिल्ह्याच्या व प्रांताच्या संघांतून एकाच वेळीं खेळणारा मुलगा आपल्या ओळखींत असतो. क्रिकेटांत वेगानें गोलंदाजी करणारा पंधरा वर्षांचा पोर तर प्रत्येक संघाला हवा असतो. शाळेचे शिक्षक म्हणतात एकच सामना. क्लबाचे चिटणीस म्हणतात एकच सामना. निवडसमिति म्हणते एकच सामना. तिघेहि खरें बोलतात. अशा वेळीं एका साध्या वहींत त्या मुलाचे सामने, सरावाचे दिवस व विश्रांतीचे दिवस मांडून महिन्याच्या अखेरीस बेरीज करणारें एक माणूस घरांत असावें. तें खेळांतलें जाणतें असण्याची गरज नाहीं. आई चालेल, आजोबा चालतील. आंकडा पाहून ‘या रविवारीं नाहीं’ असें म्हणण्याचें धैर्य मात्र त्याच्या ठिकाणीं पाहिजे. मुलगा त्या दिवशीं रुसेल; रुसूं द्यावा.

पेद्रीच्या बाबतींत बेरीज झाली, पण ती वर्तमानपत्रांनीं केली, आणि सारे सामने संपल्यावर केली. ७३ हा आंकडा तेव्हां विक्रम म्हणून छापला गेला. तो विक्रम नव्हता, हिशेब होता; आणि तो वेळेवर मांडला गेला नाहीं.